दुपटे भिजते, पण बाळ वाढते आहे ना?

पावसाळा सुरू झाला की या सदराकडे सर्दी-तापाचे प्रश्न वाढतात, हे नेहमीचेच आहे. पण या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांत एका विषयाने बाकी सगळ्यांना मागे सारले, आणि तो म्हणजे बाळाचे दूध टाकणे. दुपटी वाळत नाहीत, वाळली तरी त्यांचा आंबूस वास जात नाही, अशा दिवसांत हा त्रास घराला अधिकच जाणवत असावा. सारख्या आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझा पहिला मुलगा अडीच महिन्यांचा आहे. जन्माच्या वेळी त्याचे वजन २ किलो ९०० ग्रॅम होते आणि दहाव्या आठवड्याच्या लसीच्या वेळी ५ किलो ३०० ग्रॅम भरले. तो फक्त अंगावरचे दूध पितो. जवळजवळ प्रत्येक वेळी पाजल्यावर तो दूध टाकतो. कधी लगेच, कधी तासाभराने दह्यासारखे फाटलेले, तर कधी नाकातूनही येते. टाकून झाले की पुन्हा हसायला लागतो. सासूबाई म्हणतात की माझे दूध जड आहे आणि ते त्याला बाधते. शेजारच्या काकू घुटी सुरू करायला सांगतात, आईने राईची उशी पाठवली आहे आणि एका डॉक्टरांनी कागदावर ‘रिफ्लक्स’ असे लिहून उलटीचे एक व ॲसिडचे एक अशी दोन औषधे दिली आहेत. अंगावरचे बंद करून पावडरचे दूध सुरू करावे का? उताणे झोपवले तर दूध श्वासनलिकेत जाईल या भीतीने मी आणि माझे पती रात्री आळीपाळीने जागतो. — एक आई, घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रात काळजीची वाक्ये बरीच आहेत, पण उत्तर ज्या वाक्यात आहे ते तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात. सत्तर दिवसांत तुमच्या मुलाचे वजन २ किलो ४०० ग्रॅमने वाढले, म्हणजे दिवसाला सरासरी ३४ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ झाली तरी आम्ही बालरोगतज्ज्ञ समाधानी असतो. जे बाळ असे अंग धरते त्याच्या पोटात दूध ठरत नाही, असे म्हणता येणार नाही. टाकलेले दूध सगळ्यांना दिसते आणि पोटात राहिलेले कोणालाच दिसत नाही, म्हणून घरात चर्चा होते ती फक्त टाकलेल्याची. खात्री करून घ्यायची असेल तर एक प्रयोग करून पाहा. चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर दूध, कोरड्या दुपट्यावर ओता आणि तो डाग घरातल्या सर्वांना दाखवून दूध किती असेल ते विचारा. माझ्या दवाखान्यात हा प्रयोग केला की अर्धी वाटी तरी असेल असे सांगणाऱ्या आज्या पुष्कळ भेटतात, आणि खरा आकडा कळल्यावर मनापासून हसतातही.

आता हे होते कसे, ते पाहू. अन्ननलिका जठराला जिथे मिळते तिथे स्नायूंचे एक कडे असते. गिळलेले अन्न खाली गेले की ते आवळते आणि पोटातले वर येऊ देत नाही. हे कडे अधूनमधून आपोआप क्षणभर सैल पडते. तुमचेही पडते आणि माझेही. मोठ्या माणसाच्या बाबतीत ते लक्षात येत नाही, कारण तो जेवून उभा राहतो किंवा बसतो, घन पदार्थ खातो आणि त्याची अन्ननलिका लांब असते. बाळाची अन्ननलिका आखूड, आहार संपूर्ण पातळ आणि दिवसाचा बहुतेक वेळ आडवे पडण्यात जाणारा. शिवाय ते पिते किती, हेही पाहायला हवे. या वयाचे बाळ दिवसभरात दर किलो वजनामागे साधारण १५० मिलिलिटर दूध पिते. साठ किलो वजनाच्या माणसाने याच हिशोबाने प्यायचे ठरवले तर त्याला रोज नऊ लिटर दूध प्यावे लागेल, आणि तेही अंथरुणात पडून. अशा वेळी त्यातले थोडे वर येते याचे नवल नाही. उरलेले सगळे खाली राहते, याचेच मला अनेकदा नवल वाटते. फाटलेले दूध म्हणजे जठरातल्या आम्लाने आपले काम सुरू केल्याची खूण आहे, आणि नाक व घसा आतून जोडलेले असल्यामुळे काही वेळा ते नाकाच्या वाटेने बाहेर पडते. दोन्हींत काळजी करण्याजोगे काही नाही.

तीन महिन्यांच्या आतल्या बाळांपैकी सुमारे निम्मी बाळे दिवसातून एकदा तरी दूध टाकतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास हे सर्वांत जास्त होते, बाळ बसू लागले की उतरणीला लागते आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत बहुतेकांचे थांबते. म्हणजे तुमच्याकडे पुढचा महिना-दीड महिना त्रास थोडा वाढण्याचीच शक्यता आहे. तसे झाले तर आदल्या रात्री खाल्लेल्या वांग्यावर किंवा हरभऱ्याच्या डाळीवर त्याचा आळ घेऊ नका.

आईचे दूध ‘जड’ नसते. उलट पावडरच्या दुधापेक्षा ते जठरातून लवकर पुढे सरकते, त्यामुळे दूध टाकण्यावर उपाय म्हणून अंगावरचे बंद करून पावडर सुरू करणे म्हणजे हातचे सोडून पळत्याच्या पाठीमागे लागणे होय. अंगावर पाजणे चालूच ठेवा. बदल करायचाच असेल तर तो पाजण्याच्या पद्धतीत करा. पान्हा जोरात येत असेल आणि बाळ घटाघट गिळताना ठसकत असेल तर थोडे मागे रेलून बसा, म्हणजे दुधाचा जोर कमी होतो. बाळ फार भुकेजून आकांत करू लागण्यापूर्वीच त्याला घ्या, कारण रडता रडता ते हवा गिळते. एक बाजू संपली की ढेकर काढा आणि मगच दुसरी बाजू द्या. दुसरी बाजू नको असेल तर आग्रह करू नका. पाजून झाल्यावर वीस ते तीस मिनिटे त्याला खांद्याशी उभे धरा.

हे शेवटचे काम सासूबाईंकडे सोपवावे असे मी मुद्दाम सुचवते. खांद्यावर घेऊन पाठीवर हात फिरवत घरभर येरझारा घालण्यात त्यांच्या पिढीचा हात धरणारे कोणी नाही, आणि ‘दूध जड आहे’ या वादापेक्षा हे काम दोघींनाही सुखाचे होईल. मालिश करणाऱ्या मावशी सकाळी कधी येतात तेही पाहा. पाजल्या पाजल्या पोटावर तेल रगडून पाय पोटाशी दुमडले तर कोणतेही बाळ दूध टाकेल. मालिश आणि आंघोळ पाजण्याच्या आधी होऊ द्या, डायपर किंवा लंगोट बदलणेही शक्यतो आधीच उरका, आणि लंगोटाची गाठ पोटावर काचत नाही ना ते बघा.

तुमची रात्रीची भीती मी समजू शकते, परंतु ती वस्तुस्थितीला धरून नाही. बाळ उताणे असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेल्या दुधाला श्वासनलिकेत शिरायचे तर चढ चढावा लागतो. बाळ पालथे असताना हीच रचना उलटी होते. याशिवाय निरोगी बाळाला खोकण्याची आणि गिळण्याची उपजत क्षमता असते. पालथे झोपवल्यावर दूध कमी टाकले जाते हे खरे आहे, पण पालथ्या झोपेत बाळाचा अचानक मृत्यू होण्याचा धोका वाढतो, आणि दूध टाकणे कमी करण्यासाठी हा धोका पत्करणे कोणत्याही हिशोबात बसत नाही. कुशीवर झोपवणेही सुरक्षित नाही, कारण कुशीवरचे बाळ सहज पालथे होते. म्हणून सपाट, घट्ट गादीवर, उताणे आणि उशीशिवाय झोपवा. राईची उशी डोक्याला गोल आकार यावा म्हणून देतात. आईने ती मायेने पाठवली असणार, तेव्हा आठवण म्हणून कपाटात ठेवा, पण बाळाच्या अंथरुणात कोणतीही उशी, लोड किंवा सैल पांघरूण असू नये. डोक्याकडची बाजू उंच केल्यानेही बाळांचा रिफ्लक्स, म्हणजे दूध वर येणे, कमी होत नाही. उलट बाळ घसरून खाली येते आणि हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. उतरत्या पाठीच्या झोपण्याच्या खुर्च्यांवर अमेरिकेने २०२२ मध्ये कायद्यानेच बंदी घातली, ती याच कारणामुळे. साडीच्या झोळीतही बाळ असेच दुमडते, त्यामुळे झोळीत डोळा लागला की त्याला गादीवर ठेवा. पाजून उभे धरण्याची वीस मिनिटे संपली की तुम्ही दोघांनीही झोपावे.

घुटीविषयी लिहिताना माझ्या आजीची झिजून मध्यभागी खोलगट झालेली सहाण डोळ्यांसमोर येते, त्यामुळे लेखणी जरा जड होते. पण लिहायला हवे. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज पाणीही लागत नाही. सहाणेवर उगाळलेल्या प्रत्येक वेढ्याबरोबर न उकळलेले पाणी आणि हाताचे जंतू बाळाच्या पोटात जातात. घुटीतले वेखंड तर आयुर्वेदातच वांती करवणाऱ्या द्रव्यांत गणलेले आहे, तेव्हा दूध टाकणाऱ्या बाळाला ते चाटवण्यात काय हशील? घुटीत मध घालत असतील तर ते सर्वांत वाईट, कारण मधातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे वर्षाखालच्या बाळाला बोटुलिझम नावाचा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. ग्राइप वॉटर एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये विकायला निघाले तेव्हा त्यात मद्यार्कही असे, आणि बाळ शांत होण्याचे श्रेय बहुधा त्यालाच द्यावे लागेल. दूध टाकण्यावर त्याचा उपयोग होतो असे सिद्ध झालेले नाही. बेंबीभोवती हिंग लावून कोणाच्या मनाला समाधान मिळत असेल तर खुशाल लावू द्या.

राहिली दोन औषधे. दूध वर येणे म्हणजे रिफ्लक्स, आणि त्यामुळे बाळाची वाढ खुंटणे, अन्ननलिकेला सूज येणे, दूध तोंडाला लावताच बाळाने कळवळणे म्हणजे रिफ्लक्सचा आजार. कागदावर दोन्हींसाठी एकच शब्द लिहिला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. आम्ल कमी करणारी औषधे वर येणाऱ्या दुधातले आम्ल कमी करतात, दूध वर येणे थांबवत नाहीत. ती घेणाऱ्या बाळांत जुलाब आणि न्यूमोनियासारखे संसर्ग अधिक आढळतात, कारण पोटातले आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारेकरी असतो. उलटीसाठी आपल्याकडे सर्रास दिल्या जाणाऱ्या डोमपेरिडोनचा वापर हृदयाच्या ठोक्यांवर होणाऱ्या परिणामांमुळे युरोपच्या औषध नियामकाने २०१४ मध्ये मर्यादित केला. तुमच्या बाळाला तपासल्याशिवाय मी औषध बंद करा असे लिहिणार नाही. मात्र पुढच्या भेटीत वजनाचा आलेख समोर ठेवून ‘वजन उत्तम वाढत असताना ही औषधे कशासाठी आणि किती दिवस?’ असे डॉक्टरांना जरूर विचारा. हा प्रश्न उद्धटपणाचा नाही.

प्रश्न : नातू पाच आठवड्यांचा आहे. पहिले तीन आठवडे सर्व ठीक होते. गेल्या सहा-सात दिवसांपासून पाजल्यानंतर थोड्या वेळाने उलटी होते आणि ती इतक्या जोराने होते की दूध दोन-तीन फुटांवर पडते. उलटी झाली की लगेच पुन्हा भुकेने रडतो. दिवसभरात लंगोट तीनदाच ओले होतात. सून म्हणते की सगळीच बाळे टाकतात. — एक आजोबा, नेरूळ

उत्तर : आजोबा, आपले पत्र मिळाले त्याच दिवशी आपल्याशी संपर्क साधला, कारण या प्रश्नाने अंक छापून होईपर्यंत थांबणे योग्य नव्हते. इतर वाचकांसाठी उत्तर येथे देत आहे.

पहिल्या पत्रातले बाळ आणि हे बाळ, दोघेही दूध टाकतात असेच घरातले म्हणतील, पण या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध नाही. दूध टाकताना ते ओठांच्या कडेने विनासायास ओघळते. उलटीत पोटाचे स्नायू जोर लावतात. दुसऱ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान सुरू झालेली, दिवसेंदिवस जोर वाढत जाणारी, दूर फेकली जाणारी उलटी आणि उलटीनंतर लगेच लागणारी भूक असे चित्र दिसले की जठराच्या बाहेरच्या तोंडाशी असलेला स्नायू जाड होऊन वाट अरुंद झाली असावी, अशी शंका घ्यावी लागते. हा विकार मुलींपेक्षा मुलांत बराच अधिक आढळतो, आणि त्यातही पहिल्या अपत्यात. दूध पुढे आतड्यात जाऊच शकत नाही, म्हणून बाळ सतत भुकेले राहते, वजन थांबते किंवा घटते, लघवी कमी होते. पोटाच्या सोनोग्राफीत निदान स्पष्ट होते. आधी शिरेवाटे द्रव देऊन शरीरातले पाणी आणि क्षार सावरले जातात आणि त्यानंतर जाड झालेल्या स्नायूला छेद देण्याची शस्त्रक्रिया करतात. ती झाली की बाळ एक-दोन दिवसांतच पूर्ववत पिऊ लागते. शस्त्रक्रिया हा शब्द ऐकून घरात रडारड होते, परंतु लहान मुलांच्या शस्त्रक्रियांमध्ये इतका झटपट आणि पक्का गुण देणाऱ्या शस्त्रक्रिया थोड्याच आहेत.

हिरव्या रंगाच्या उलटीचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, तरी तो येथे करणे मला आवश्यक वाटते. पालेभाजीच्या रसासारखी हिरवी उलटी म्हणजे जठराच्या पुढचे पित्त परत वर येत आहे, आणि त्याचा अर्थ आतड्याला पीळ पडला असण्याची शक्यता आहे. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो. अशा वेळी सकाळी दवाखाना उघडण्याची वाट पाहू नये, घोडबंदर किंवा ठाणे-बेलापूर रस्त्यावर वाहतूक किती आहे याचा विचार करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने, लहान मुलांचे शल्यचिकित्सक असलेल्या मोठ्या रुग्णालयात थेट जावे आणि उलटीने भिजलेला कपडा बरोबर न्यावा. तो कपडा पाहून डॉक्टरांची निम्मी चौकशी संपते. उलटीत रक्त किंवा कॉफीच्या चोथ्यासारखा गाळ, ताठ फुगलेले पोट, फुगून वर आलेली टाळू, ताप, नेहमीपेक्षा मलूल पडलेले बाळ, श्वास मध्येच थांबणे किंवा ओठ निळसर होणे, यांपैकी काहीही दिसले तरी तोच नियम लागू होतो. सहा महिन्यांनंतर पहिल्यांदाच सुरू झालेले टाकणेही साधे समजू नये.

सूनबाईंना दोष देऊ नका. सगळीच बाळे टाकतात हे त्यांनी कुठेतरी बरोबरच ऐकले होते.

प्रश्न : आमची मुलगी चार महिन्यांची आहे. अंगावरचे दूध आणि पावडरचे दूध, दोन्ही घेते. ती दूध टाकते, पिताना पाठ ताठ करून रडते, गालांवर आणि कोपरांत चट्टे आहेत आणि गेल्या आठवड्यात शीमध्ये दोनदा रक्ताची रेघ दिसली. रिफ्लक्सचे औषध महिनाभर दिले, फरक नाही. गाईचे दूध पचत नसेल म्हणून आता शेळीचे द्यावे का? — एक वडील, कळवा

उत्तर : तुमची शंका योग्य दिशेची आहे, उपाय मात्र चुकीचा आहे. टाकणे, चट्टे आणि शीतले रक्त या तीन गोष्टी एकत्र आल्या की गाईच्या दुधातल्या प्रथिनांची ॲलर्जी असू शकते, आणि बाजारातली बहुतेक दुधाची पावडर गाईच्याच दुधापासून बनते. तेच प्रथिन आईच्या आहारातून अंगावरच्या दुधातही थोडेफार उतरते. शेळीच्या आणि म्हशीच्या दुधातली प्रथिने गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की ज्या बाळाला एक चालत नाही त्याला दुसरेही सहसा चालत नाही. शिवाय एक वर्षाच्या आत कोणत्याही जनावराचे दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

शीत रक्त दिसले आहे म्हणून मुलीला या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. त्यांना ॲलर्जीची शंका वाटली तर ते दोन ते चार आठवड्यांची चाचणी सुचवतील. त्या काळात आईने दूध, दही, ताक, पनीर, खवा आणि चहातले दूधसुद्धा पूर्ण बंद करायचे, आणि पावडर द्यावीच लागत असेल तर प्रथिनांचे बारीक तुकडे केलेली विशेष पावडर डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरायची. ही पावडर महाग असते, म्हणून जमेल तितके अंगावरचेच वाढवणे खिशालाही परवडते. आपल्याकडे खरी अडचण येते ती बाळंतिणीच्या खाऊत. अळिवाची खीर दुधातली, डिंकाचे लाडू तुपातले, आणि पाहुण्यांनी आणलेला पेढा तर नाकारताच येत नाही. अळीव नारळाच्या दुधात शिजवता येतात आणि लाडू तेलावर किंवा खजुरात वळता येतात. कॅल्शियमसाठी नाचणी आणि तीळ रोज असू द्या, आणि गोळीबद्दलही डॉक्टरांना विचारा.

या चाचणीचा दुसरा अर्धा भाग बहुतेक घरांत विसरला जातो. मुलगी सुधारली तर ठरलेल्या मुदतीनंतर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार आईने दूध पुन्हा सुरू करून त्रास परत येतो का ते पाहायचे असते. त्रास परत आला तरच ॲलर्जी पक्की. काहीच फरक पडला नाही, तर आईने वर्षभर उगाच दूध-दही सोडण्याचे कारण नाही.

प्रश्न : मुलगा साडेपाच महिन्यांचा आहे. माझी सव्वीस आठवड्यांची रजा संपत आली असून पुढच्या महिन्यापासून मला ऐरोलीहून ठाण्याला कामावर जायचे आहे. तो अजूनही टाकतो; वजन चांगले आहे. पाळणाघरातल्या ताई म्हणतात की काढून ठेवलेल्या दुधात नाचणीचे सत्त्व किंवा भाताची पेज मिसळा, म्हणजे घट्ट होऊन पोटात राहील. आईकडचे चांदीचे बोंडले आहे, त्याने पाजू का? — एक वाचक, ऐरोली

उत्तर : पाळणाघरातल्या ताईंची कल्पना अगदीच निराधार नाही. पावडरचे दूध पिणाऱ्या आणि फारच टाकणाऱ्या काही बाळांना डॉक्टर घट्ट केलेले दूध देतात, आणि त्याने दिसणारे टाकणे कमी होते. पण अंगावरच्या दुधाला हा उपाय लागू पडत नाही, आणि त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. आईच्या दुधात पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेझ नावाचे विकर असते. त्यात पेज किंवा सत्त्व कालवून ठेवले की थोड्या वेळात ते विकर त्याला पातळ करून टाकते, आणि बाळाला पाजायच्या वेळी दूध होते तसेच असते. शिवाय सहा महिन्यांपूर्वी धान्य सुरू करण्याचे काही कारण नाही. तुमच्या मुलाला सहा महिने पूर्ण होतील तेव्हा तुमची रजाही संपलेली असेल. त्या दिवसापासून नाचणीचे सत्त्व, मऊ भात, मुगाच्या डाळीचे घट्ट वरण वाटीत घेऊन चमच्याने भरवा. दुधाच्या बाटलीत घालू नका. घन आहार वाढेल तसे टाकणे कमी होत जाईल, कारण घट्ट अन्न इतक्या सहज वर येत नाही.

बोंडल्याबद्दल माझे मन साशंक आहे. त्यातून दूध आपल्या गतीने बाळाच्या तोंडात ओतले जाते आणि बाळाने ‘पुरे’ म्हणण्याची सोय राहत नाही. चोचीच्या आतला भाग स्वच्छ करणेही कठीण असते. वाटी-चमचा त्याहून बरा. चमचा खालच्या ओठाला टेकवा आणि बाळ स्वतः ओढेल तेवढेच द्या. पाळणाघरात बाटली वापरणार असतील तर लहान छिद्राचे बूच मागून घ्या, आणि दर वेळी किती दूध द्यायचे ते कागदावर लिहून द्या. बाटली संपलीच पाहिजे या आग्रहापायी नेमके टाकणारे बाळ गरजेपेक्षा जास्त पिते, आणि संध्याकाळी ‘आज फार टाकले’ अशी तक्रार ऐकायला मिळते. पाळणाघरात पाजल्यावर त्याला लगेच हलत्या खुर्चीत बांधून ठेवत नाहीत ना, हेही पाहा; तसे बसल्यावर पोट दुमडून आतला दाब वाढतो. गाडीतल्या आसनाचेही तसेच आहे, पण प्रवासात सुरक्षिततेसाठी ते आवश्यकच असते; फक्त घरी पोहोचल्यावर बाळ झोपले आहे म्हणून त्याला त्यातच राहू देऊ नका.

प्रश्न : बाळ तीन महिन्यांचे आहे, डॉक्टर म्हणतात सर्व ठीक आहे. पण दिवसाला दहा-बारा दुपटी, माझे चार-पाच गाऊन, रात्रीची जागरणे आणि वाळत न येणारे कपडे यांनी मी रडकुंडीला आले आहे. बाळाकडे पाहून राग येतो आणि मग त्याचे वाईट वाटते. — एक आई, कोपरखैरणे

उत्तर : डॉक्टर ‘ठीक आहे’ म्हणाले ते बाळाबद्दल, तुमच्याबद्दल त्यांनी विचारले होते का? दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहणे, बाळ झोपले तरी झोप न येणे, कशातच जीव न रमणे, बाळाला किंवा स्वतःला काही करून घ्यावेसे वाटणे, यांतले काही असेल तर बाळंतपणानंतरचे नैराश्य म्हणून त्यावर उपचार होतात, आणि पाजणाऱ्या आईला चालतील अशी औषधेही आहेत. तुमच्या प्रसूतितज्ज्ञांकडे किंवा जवळच्या महापालिका रुग्णालयात जा. शेवटच्या प्रकारचे विचार येत असतील तर आजच, आणि कोणाला तरी सोबत घेऊन. राग अनावर झाला तर बाळाला पाळण्यात उताणे ठेवून दार लोटून पाच मिनिटे बाहेर या. तेवढा वेळ रडल्याने बाळाला काही होत नाही.

दुपट्यांचे म्हणाल तर प्रत्येक डागामागे बाळाचे सगळे कपडे बदलू नका. झबल्यावर लाळेरे बांधा आणि ओले झाले की तेवढेच काढा. मानेच्या वळ्यांत दूध साचून तिथली कातडी लाल होते, ती जागा ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. बाळाला उताणे ठेवताना मात्र लाळेरे काढून ठेवा, त्याचे बंद गळ्याशी नकोत. दुपटी आधी गार पाण्यात खंगाळा, कारण गरम पाण्याने दुधाचा डाग बसतो आणि वासही धरतो. आणि रात्री दोनच्या पाजण्यानंतरची ती वीस मिनिटे बाळाच्या वडिलांची आहेत, हे आज संध्याकाळीच घरात ठरवून टाका.